देवाला आधीच ठाऊक असेल, तर मागायचं कशाला?

नमस्कार मंडळी. आमच्या ख्रिस्ती बोलीत 'मंडळी' म्हणजे चर्च, त्यामुळे तुम्हाला असं म्हटलं की मलाच क्षणभर उपदेशपीठावर उभं राहिल्यासारखं वाटतं. मी पाळक नाही. राहुरी तालुक्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलो आणि पुढं आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, एवढीच माझी पात्रता. कुणी त्याला अपात्रताही म्हणेल.

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीनं चिठ्ठी दिली होती. प्रश्न असा: 'देव सर्वज्ञ आहे, चांगला आहे आणि त्याची इच्छा बदलत नाही असं तुमचा धर्म सांगतो. मग प्रार्थनेनं नेमकं काय होतं?' प्रश्न तीन ओळींचा आहे, पण त्यातून निसटायला फट नाही. मी मागतो ते चांगलं असेल, तर चांगला देव ते न मागताही देणार. वाईट असेल, तर मागूनही देणार नाही. त्याला माझी गरज माहीत नाही म्हणून सांगायचं म्हणावं, तर तो सर्वज्ञ राहत नाही. त्याचं मन वळवायचं म्हणावं, तर आधी त्याचं मन कमी चांगलं होतं असं होतं. म्हणजे प्रार्थना एकतर फुकट तरी, नाहीतर देवाचा अपमान तरी.

हा आक्षेप नास्तिकांनी बाहेरून आणला असं पुष्कळ ख्रिस्ती लोकांना वाटतं. तसं नाही. तो शुभवर्तमानातच बसलेला आहे. मत्तयाचा सहावा अध्याय उघडा. आठव्या ओवीत येशू म्हणतो की तुम्ही मागण्याआधीच तुमची गरज पित्याला ठाऊक असते. आणि नवव्या ओवीपासून लगेच शिष्यांना मागायला शिकवतो! मध्ये एक ओळही स्पष्टीकरण नाही. तिसऱ्या शतकात ऑरिजेन नावाच्या पंडिताला त्याच्या मित्रानं हाच आक्षेप कळवला होता: देवाला पुढचं सगळं माहीत आहे आणि ते तसंच घडणार आहे, तर प्रार्थना व्यर्थ. ऑरिजेननं उत्तरादाखल ग्रंथच लिहिला. तेव्हा चिठ्ठी देणाऱ्या मुलीनं संकोच बाळगू नये, ती जुन्या आणि चांगल्या संगतीत आहे.

आता हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात आणू. नगर काय, आता अहिल्यानगर म्हणायचं, पश्चिमेकडचा अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा. इथं प्रार्थना म्हटली की पहिली आठवते ती पावसाची. मृग कोरडा गेला की देवळात, मशिदीत, चर्चमध्ये सगळीकडे एकच मागणं. आणि त्याच वेळी वेधशाळा सांगत असते की कमी दाबाचा पट्टा अजून तयार झालेला नाही. माझ्या लहानपणी एक गंमत होती. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, प्रवरेचे कालवे आले, आणि आमच्या भागातल्या बागायतदाराचा पावसावरचा भार बराच हलका झाला. मग आमच्या उपासनेत लोक पावसासाठी प्रार्थना करत, पण मनातून मागत असत ते कालव्याचं आवर्तन. म्हणजे विनंती देवाला आणि निर्णय पाटबंधारे खात्याचा. पारनेर-पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला असं दुसरं कार्यालय नव्हतं.

बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकात अक्षयकुमार दत्त होऊन गेले. ब्राह्मो समाजातलेच, पण कट्टर बुद्धिवादी. त्यांनी प्रार्थनेचं एक समीकरण मांडलं, ते प्रसिद्ध आहे. श्रम बरोबर पीक. श्रम अधिक प्रार्थना, तेही बरोबर पीक. म्हणून प्रार्थना बरोबर शून्य. शेतकऱ्याच्या पोराला हे समीकरण एका फटक्यात कळतं. त्यातला दोषही त्यालाच आधी कळतो, कारण आमच्याकडे श्रम बरोबर पीक हे पहिलंच विधान दर तीन वर्षांनी खोटं ठरतं.

इंग्लंडात 1872 साली फ्रान्सिस गाल्टननं हेच आकड्यांनी तपासलं. राजाच्या दीर्घायुष्यासाठी सगळा देश दर रविवारी प्रार्थना करतो, तर राजे जास्त जगतात का? निघालं उलटंच. सुखवस्तू वर्गांमध्ये राजघराण्यांचं आयुर्मानच सर्वांत कमी होतं. पुढं 2006 साली अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींसाठी ख्रिस्ती गटांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही, आणि या दोन्ही गटांतल्या रुग्णांना आपण कोणत्या गटात ते ठाऊक नव्हतं. गुंतागुंत झाली 52 टक्क्यांत आणि 51 टक्क्यांत, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला मात्र 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार' असं सांगितलं होतं. त्यांच्यात हे प्रमाण 59 टक्के निघालं. आपली तब्येत प्रार्थनेची वेळ येण्याइतकी बिघडली की काय, या धास्तीनं तसं झालं असावं असा तर्क तेव्हा केला गेला.

या अभ्यासावर श्रद्धावान म्हणतात की देवाची परीक्षा घेऊ नये. ते मला पटतं, पण अर्धंच. कारण हीच माणसं साक्ष द्यायला उठली की, 'प्रार्थना केली आणि गाठ विरघळली' असं सांगतात. गाठ विरघळल्यावर पुरावा चालतो, तर न विरघळलेल्या गाठीही मोजाव्या लागतील. एका बाजूचंच मोजायचं हा हिशेब किराणा दुकानातही चालत नाही. माझ्यापुरतं सांगतो: प्रार्थना हे निसर्गावर चालणारं यंत्र आहे, बटण दाबलं की फळ पडतं, ही समजूत दत्त आणि गाल्टन यांनी मोडीत काढली आणि ते चांगलं केलं. ख्रिस्ती माणसानं त्यांचे आभार मानावेत, कारण ज्याला बटण असतं तो देव नव्हे.

मग उरतं काय? सर्वांत लोकप्रिय उत्तर असं की प्रार्थनेनं देव बदलत नाही, प्रार्थना करणारा बदलतो. हे उत्तर फार सुशिक्षित आहे. केल्विन साधारण त्याच दिशेनं गेला होता: प्रार्थनेची आज्ञा देवासाठी नाही, आपल्यासाठी आहे. आणि नगरला 1831 साली आलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे केल्विनच्याच परंपरेतलं, तेव्हा हा विचार आमच्याकडे घरचाच. पण त्याचं सर्वांत स्वच्छ मराठी रूप ख्रिस्ती नाही. ते 1867 साली मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजाचं आहे. ज्या समाजाच्या नावातच प्रार्थना, त्यानं सांगितलं की प्रार्थनेनं ऐहिक फळ मिळत नाही, तिचा लाभ आत्मिक आहे. रानडे-भांडारकरांच्या वर्गाला हे पटण्यासारखं होतं. त्यांच्या घरात संध्याकाळचं धान्य भरलेलं होतं, हे मी कुत्सितपणे म्हणत नाही, पण म्हणतो.

कारण येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत मधोमध काय आहे? भाकर. आणि पोळी नाही, मराठी भाषांतरकारांनी नेमकी भाकरच घातली. स्वर्ग, राज्य, इच्छा असं सगळं उंच उंच चाललेलं असताना एकदम आजची भाकर. आत्मिक उन्नती एवढाच हेतू असता तर ही मागणी गाळायला हवी होती. आणि जरा विचार करा, ज्या आईचं पोर तापानं फणफणलंय तिला आपण सांगायचं का, की बाई, तू पोरासाठी मागत नाहीयेस, तू स्वतःचा स्वभाव सुधारतेयस? ती आपल्याला घराबाहेर काढेल, आणि तिचं बरोबर असेल. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला जाऊन बघा. नवस बोलायला, फेडायला सगळ्या धर्मांची माणसं येतात. कॅथलिक धर्मशास्त्र म्हणतं की मरियेकडे मध्यस्थी मागायची, उपासना देवाची. त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला हा फरक कितपत महत्त्वाचा वाटतो ते सोडा, पण ती काहीतरी *मागतेय* याबद्दल शंका नको. मागण्याला 'मागणं' न म्हणता समर्थन करायचं, हे समर्थन नव्हे.

दुसरं उत्तर जास्त कसदार आहे. ऑरिजेनचा धागा धरून तेराव्या शतकात थॉमस अक्विनासनं ते नीट विणलं. तो म्हणतो, देवाची योजना बदलावी म्हणून आपण प्रार्थना करत नाही. काही गोष्टी प्रार्थनेच्या वाटेनंच द्यायच्या असं देवानं मुळातच योजलेलं असतं. पेरणीसारखंच. पीक यावं अशी देवाची इच्छा आहे म्हणून शेतकरी पेरायचा थांबत नाही, पेरणी ही त्या इच्छेचाच भाग असते. तर्काच्या दृष्टीनं यात मला खोट दिसत नाही. चिठ्ठीतल्या कात्रीतून हे उत्तर खरोखर सुटतं: देव सर्वज्ञ राहतो, न बदलणारा राहतो आणि मागणंही खरं राहतं.

पण तर्क सुटतो तिथं नीती अडकते. दोन घरांत दोन आजारी मुलं. एकासाठी अख्खी मंडळी गुडघे टेकते, दुसऱ्याला विचारणारं कुणी नाही. पहिलं वाचावं आणि दुसरं जावं, असं एखाद्या चांगल्या देवानं 'योजलं' असेल? वशिला तपासूनच फाईल हलवणाऱ्या साहेबाला आपण काय म्हणतो ते या सभागृहात बोलायला नको. अक्विनासला हे सुचलं नसेल असं नाही, पण त्याच्या उत्तरात याला जागा नाही. मी बरीच वर्षं इथंच अडकून होतो.

बाहेर पडायची थोडी वाट मला तत्त्वज्ञांनी नव्हे, लक्ष्मीबाई टिळकांनी दाखवली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली, आणि त्यांच्या ख्रिस्ती संसाराचा मोठा काळ नगर-राहुरीत गेला. 'स्मृतिचित्रे' तुम्ही बहुतेकांनी वाचलंय. त्यात प्रार्थनेचा सिद्धांत कुठंही नाही. आहे ते असं: टिळकांच्या हातात पैसा आला की तो घरी पोचेलच याचा भरवसा नाही. वाटेत कुणी अडलेला भेटला की संपलं. घरात कुणाची ना कुणाची मुलं वाढायला असायचीच. पुढं 1917 साली तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला. आपण हे वाचताना हसतो, कारण लक्ष्मीबाई हसवतात. पण एकदा ते दुसऱ्या बाजूनं वाचा. नगरच्या रस्त्यावर कुणीतरी उपाशी माणूस देवाकडे भाकर मागतोय, आणि त्याची प्रार्थना ऐकली जातेय. कुठून? लक्ष्मीबाईंच्या डब्यातून! एकाच्या ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेचं बिल दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात येतं. टिळकांना त्याचा आनंद होता. बाईंना संध्याकाळी चूल पेटवायची होती. ख्रिस्ती चरित्रकार पहिल्या गोष्टीवर पानंच्या पानं लिहितात. दुसरी फक्त तिनं लिहिली, आणि म्हणून मला तिचं पुस्तक प्रार्थनेवरच्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा खरं वाटतं.

यानंतर मी ती भाकरीची प्रार्थना पुन्हा वाचली, आणि इतकी वर्षं म्हणूनही न दिसलेली गोष्ट दिसली. तिच्यात 'मी' नाही. एकदाही नाही. पिता आमचा, भाकर आमची, अपराध आमचे. एकट्यानं खोलीत दार लावून प्रार्थना करा असं त्याच अध्यायात सांगितलंय, पण त्या बंद खोलीतही बोलायचं अनेकवचनात. आमच्या कालव्याच्या भाषेत सांगतो. हेडवरचा शेतकरी आणि टेलचा शेतकरी दोघंही आवर्तन मागतात. हेडवाल्यानं 'आम्हांला' म्हणून मागितलं आणि रात्री चारी फोडून सगळं आपल्याच उसात वळवलं, तर त्यानं खोटी प्रार्थना केली. देवानं ऐकलं की नाही हा पुढचा भाग झाला, यानं मागितलंच नाही.

इथं तुम्ही मला पकडाल. 'सर, हे पुन्हा तेच झालं, प्रार्थनेनं माणूस बदलतो.' नाही, तेच नाही. पहिल्या उत्तरात भाकर बाजूला पडते आणि माझं मन उरतं. इथं भाकर भाकरच राहते, ती खरोखर हवी असते, खरोखर मागितलेली असते. फक्त मागणारा देणाऱ्यांच्या यादीतही आपलं नाव लिहून बसतो. अक्विनासच्या 'प्रार्थनेच्या वाटेनं देणं' याचा मला समजलेला अर्थ हा आहे. आणि त्या दुसऱ्या घरातल्या मुलाला विचारणारं कुणी नाही, याचा जाब मग आधी मंडळीला द्यावा लागतो, देवाकडे बोट नंतर. वशिल्याचा आक्षेप यानं संपत नाही. पण त्याचा निम्मा भार जिथं पडायला हवा तिथं पडतो.

पण पाऊस? पण कॅन्सर? तिथं कुठली चारी आणि कुठलं टेल. ते शिल्लक राहतंच, आणि मी ते झाकणार नाही.

माझी आई आजारी असताना आमच्या घरी प्रार्थनेला एक गृहस्थ यायचे. बाहेरगावचे, चांगले वक्ते. चौथ्या आठवड्यात आईचं बिघडत चाललं तेव्हा त्यांनी मला ओसरीवर घेऊन सांगितलं की घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय. ते 'कुणाचा तरी' म्हणजे मी, हे उघड होतं. आई गेली. पुढं कितीतरी वर्षं, मी, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, रात्री जागा होऊन हिशेब करायचो की माझ्या शंकांमुळे तर नाही ना? गाल्टनचे आकडे तोंडपाठ असून काही उपयोग झाला नाही. म्हणून या विषयावर माझा राग कुणावर असेल तर तो नास्तिकांवर नाही.

आणि ते गृहस्थ ज्या पुस्तकावर हात ठेवून बोलत होते त्या पुस्तकालाच ते खोटं पाडत होते. गेथशेमाने बागेत येशूनं काय मागितलं? हा प्याला माझ्यावरून टळू दे. टळला का? पौलानं शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवलं. निघाला का? ख्रिस्ती धर्मातली सर्वांत प्रसिद्ध वैयक्तिक मागणी नाकारली गेलेली आहे. तिथं विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे? मला वाटतं, 'देव ऐकतोच' अशी हमी देणाऱ्या सगळ्या धर्मोपदेशाची परीक्षा या बागेत घ्यावी. जो तिथं टिकत नाही तो रुग्णाच्या खाटेशी बोलायच्या लायकीचा नाही.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांत पुष्कळ निव्वळ तक्रारी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचा तुकडाही जोडलेला नाही. आणि वधस्तंभावर येशूनं जो प्रश्न ओरडून विचारला तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. ही प्रार्थना म्हणजे ना अर्ज, ना आत्मशुद्धी. हे भांडण आहे. आणि भांडण ही गोष्ट ओळखीच्या माणसाशीच होते, अनोळखी यंत्रणेवर माणूस फक्त चिडतो.

इथं मला आमच्या मराठी ख्रिस्ती गीतांबद्दल एक तक्रार नोंदवायची आहे. टिळक म्हणत की ते तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यांनी ख्रिस्ताला माउली केलं, अभंग उपासनेत आणला, इंग्रजी चालींत अवघडलेल्या प्रार्थनेला मराठी श्वास दिला. हे ऋण मोठं आहे. पण त्या पुलावरून येताना एक सामान पलीकडेच राहिलं असं मला वाटतं. विठ्ठलाशी तंडणारे, त्याला निष्ठुर म्हणणारे, तू आहेस तरी का असं विचारणारे तुकोबा. आमच्या उपासनेत शरणागती भरपूर आहे, कृतज्ञता आहे, गोडवा आहे. भांडण नाही. मयताच्या घरीसुद्धा आम्ही पहिल्याच तासात देवाच्या योजनेबद्दल गातो, आणि ज्याचं माणूस गेलंय तो खाली मान घालून ओठ हलवतो. वारकऱ्यांची भाषा आणि यहुद्यांची स्तोत्रं अशी दोन्हीकडून भांडणाची परवानगी मिळालेला हा समाज, आणि तो इतका शहाण्यासारखा का प्रार्थना करतो? याचं उत्तर मिशनच्या शिस्तीत आहे की अल्पसंख्याकांच्या सावधपणात, यावर कुणीतरी तरुण अभ्यासकानं काम करावं.

तर चिठ्ठीबद्दल. तो तीन ओळींचा तर्क यंत्राविरुद्ध खरा आहे, अर्जाविरुद्ध खरा आहे. गेथशेमानेतल्या माणसाविरुद्ध तो मला लागू करता येत नाही, कारण त्याला उत्तर ठाऊक होतं आणि तरी त्यानं मागितलं. यातून देव आहे हे सिद्ध होत नाही. देव असेल तर तो असा मागणारा माणूस पसंत करतो, एवढंच त्या पुस्तकावरून म्हणता येईल. मी स्वतः रोज प्रार्थना करतो का, हे मागच्या वेळी एकांनी दारात विचारलं होतं. करतो. पावसासाठी अजूनही करतो, वेधशाळेचा अंदाज वाचून झाल्यावर. आईसाठी त्या वेळी केलेली मात्र मी मागे घेतलेली नाही आणि ती मिटलेलीही नाही. तिच्याबद्दल माझं बोलणं चालू आहे.

वेळ झालेली दिसते, मागून हात दाखवतायत. प्रश्न असतील तर घेऊ.